डेर, डी, डास आणि तो, ती, ते: परदेशी भाषेचा तास रंगतो कशाने?

जर्मन शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक धक्का बसतो. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. जेवणाच्या एकाच टेबलावर तिन्ही लिंगं हजर! वर्गातून कुणीतरी वैतागून म्हणतं, "याला काही लॉजिकच नाही."

मी या वाक्याची वाटच बघत असते. फळ्यावर तीन मराठी शब्द लिहिते: चमचा, सुरी, ताट. मग विचारते, चमचा 'तो' कशामुळे? सुरी 'ती' का? आणि ताटाने असं काय केलं की ते 'ते' झालं? वर्ग क्षणभर गप्प होतो आणि मग हसू फुटतं. 'तो चमचा' हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. पण कुणी 'ती चमचा' म्हणालं की कानाला लगेच खटकतं. तीन लिंगं सांभाळत, त्यांच्यामागे विशेषणं आणि क्रियापदं बदलत आपण लहानपणापासून बोलत आलो आहोत. म्हणजे जर्मन माणूस जे करतो तेच.

हे सांगायला मला दोन मिनिटं लागतात. पण मी शिकत होते तेव्हा ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमची पुस्तकं जर्मनमध्ये आणि समजावणं इंग्रजीतून. इंग्रजीत सगळ्या नामांना मिळून एकच 'द'. त्या एका 'द'ला डेर, डी, डास अशी तीन शेपटं कशी लावायची, हे घोकण्यात माझे कित्येक महिने गेले. तीन लिंगांची भाषा जन्मापासून येणारी मुलगी एका लिंगविरहित भाषेच्या खिडकीतून तिसऱ्याच भाषेकडे बघत होती. हे आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी वर्गांत अजून तसंच चालतं.

भाषेचा तास रंजक कसा करायचा असं कुणी विचारलं की बहुतेकांना गाणी, खेळ, रंगीत स्लाइड आणि मोबाइलवरची प्रश्नमंजूषा आठवते. त्यांना माझा विरोध नाही. पण इतक्या वर्षांनंतर माझं मत पक्कं झालंय की तास रंगतो तो दोन गोष्टींनी. शिकणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून जी भाषा आहे तिला कामाला लावलं तर, आणि बोलल्याशिवाय अडेल असं काहीतरी वर्गात घडवून आणलं तर.

मराठीच्या घरातली जर्मन

आधी पहिली गोष्ट. एकवीस हा शब्द घ्या. आपण आधी एक म्हणतो, मग वीस. जर्मनमध्ये म्हणतात 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे 'एक आणि वीस'. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा क्रम उलटा वाटतो, आपल्याला तो सरळच आहे. पंचेचाळीस, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव, सगळीकडे एकक आधी. फोन नंबर लिहून घेताना इंग्रजी माध्यमातली मुलं अडखळतात, तेव्हा मी त्यांना सांगते की आजीबरोबर भाजी घ्यायला गेल्यावर आकडे जसे ऐकता तसे ऐका.

आता एक वाक्य बघू. 'वाइल इश म्यूडऽ बिन'. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, म्यूडऽ म्हणजे दमलेली, बिन म्हणजे आहे. 'कारण मी दमलेली आहे.' शब्दाखाली शब्द ठेवा, एकही हलवावा लागत नाही. जर्मन पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं, हा नियम इंग्रजीतून शिकवताना अख्खा तास जातो आणि तरी पुढचे सहा महिने चुका होतात. मराठीत क्रियापद शेवटीच असतं. फक्त मुख्य वाक्यात जर्मन माणूस ते दुसऱ्या जागी आणून ठेवतो, तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

सगळ्यात सुंदर जागा मात्र 'मला'ची. आपण 'मी थंड आहे' असं म्हणत नाही, 'मला थंडी वाजतेय' म्हणतो. जर्मन माणूसही 'इश बिन काल्ट' म्हणत नाही, 'मिअर इस्ट काल्ट' म्हणतो. मिअर म्हणजे मला. मला चक्कर येतेय, मला मळमळतंय, मला हे आवडतं, या सगळ्या ठिकाणी जर्मनमध्येही 'मला'च येतं. आवडणारी गोष्ट कर्ता होते आणि ती ज्याला आवडते तो माणूस 'ला' लावून बाजूला उभा राहतो. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे हटकून चुकतो. मराठीतून आलेल्याला फक्त 'तुम्ही घरी जसं म्हणता तसंच' एवढं सांगावं लागतं.

लहान वस्तूंसाठी जर्मनमध्ये शब्दाला 'शेन' जोडतात आणि मग तो शब्द नपुंसकलिंगी होतो. म्हणून मुलगी, 'मेडशेन', ही चक्क 'डास'. ऐकून सगळे चक्रावतात. पण आपलं लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू? सगळी 'ते'च. आणि लाडाने आपणही पोरीला 'पोरगं' म्हणतोच की. हातमोज्याला जर्मनमध्ये 'हांटशू' म्हणतात, म्हणजे हाताचा बूट. आपण हाताला मोजे घातले, त्यांनी बूट. हा शब्द एकदा सांगितला की कुणीही विसरत नाही.

याचा अर्थ सगळं जुळतं असा नाही. चमचा योगायोगाने दोन्हीकडे 'तो' आहे, पण सुरी आपल्याकडे 'ती' आणि त्यांच्याकडे 'डास'. लिंग पाठ करावंच लागतं. ओठांचा चंबू करून काढायचे त्यांचे 'यू' आणि 'ओ' मराठीत नाहीत, त्यासाठी आरसा घेऊन बसावं लागतं. पण जिथे वाट आधीच तुडवलेली आहे, तिथे काटे पसरून ठेवायचे कशाला?

इथे एक जुना वाद आहे, तो थोडक्यात सांगते. पूर्वी युरोपात लॅटिन आणि ग्रीक शिकवत त्याच पद्धतीने बाकीच्या भाषा शिकवल्या जात: नियम, तक्ते, भाषांतर. वाचता यायचं, बोलता यायचं नाही. त्याला उत्तर म्हणून एकोणिसाव्या शतकात 'थेट पद्धत' आली. माक्सिमिलिआन बर्लिट्स यांनी १८७८ साली अमेरिकेत शाळा काढली आणि तिथे मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवलं. ही शिस्त आजही अनेक ठिकाणी पाळली जाते आणि तिच्यात तथ्य आहे, कारण शिक्षिकाच तासभर मराठीत बोलत राहिली तर जर्मन कानावर पडणार कधी? पण आपल्याकडे या शिस्तीचं भलतंच झालं. मराठी वर्गाबाहेर गेली आणि तिच्या जागी जर्मन येण्याऐवजी इंग्रजी येऊन बसली. माझा हिशेब साधा आहे: दोन मिनिटं मराठी, मग वीस मिनिटं नुसती जर्मन.

बोलल्याशिवाय सुटणार नाही असं काम

दुसऱ्या गोष्टीसाठी जर्मनीला जायची गरज नाही. ती आपल्याच देशात घडली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. जगभर तो 'बंगलोर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. प्रभू तेव्हा मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. त्यांचं म्हणणं असं की मुलांचं लक्ष व्याकरणावर नसून अर्थावर असतं, तेव्हा व्याकरण आपसूक आत मुरतं. मग त्यांनी धड्यांतून व्याकरणाचा क्रमच काढून टाकला. आज वर्तमानकाळ, उद्या भूतकाळ, असं काही नाही. त्याऐवजी रोज एक काम. रेल्वेचं वेळापत्रक दिलंय, अमुक वेळेला पोहोचायचं तर कुठली गाडी धरावी? नकाशा दिलाय, इथून तिथे कसं जाल?

आधी शिक्षक एक नमुन्याचं काम सगळ्या वर्गाबरोबर प्रश्नोत्तरांतून सोडवत. मग तसंच दुसरं काम मुलं आपापली करत. शिक्षक बोलताना भाषा सोपी करत, पण मुद्दाम व्याकरण शिकवत नसत. मुलांच्या दृष्टीने तो इंग्रजीचा तास नव्हताच, ते कोडं होतं. कोडं सोडवता सोडवता इंग्रजी कानावरून, डोळ्यांखालून जात राहायची.

प्रभूंनी अशा कामांचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात माहितीची फट असते: माझ्याकडे असलेली माहिती तुझ्याकडे नाही, ती मला तुला सांगावी लागेल. दुसऱ्यात तर्काची फट: माहिती समोरच आहे, पण तिच्यावरून निष्कर्ष काढायचाय, जसं वेळापत्रकावरून गाडी निवडणं. तिसऱ्यात मताची: तुला काय वाटतं, तू काय केलं असतंस? प्रभूंचा स्वतःचा कल दुसऱ्या प्रकाराकडे होता. माहिती नुसती सांगायची तर एका शब्दात भागतं, आणि मत सांगायला नवख्याची भाषा पुरत नाही. तर्काला मात्र डोकं लावावं लागतं, पुन्हा पुन्हा वाचावं लागतं, 'नाही, ही नाही, कारण…' असं म्हणावं लागतं.

मी अलीकडे परिचारिकांच्या तुकड्यांना शिकवते. महाराष्ट्र आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबत करार झाला. त्याच्या आधीपासूनच केरळप्रमाणे आपल्याकडच्या मुलीही तिकडे जाऊ लागल्या होत्या. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ पातळीची भाषा लागते. म्हणजे नुसतं स्वतःचं नाव-गाव सांगणं नाही, रुग्णाशी, नातेवाइकांशी आणि डॉक्टरांशी न अडखळता बोलता आलं पाहिजे.

त्यांच्या वर्गातलं एक काम सांगते. दोघी पाठीला पाठ लावून बसतात. एकीची रात्रपाळी संपलीय, दुसरीची दिवसपाळी सुरू होतेय. पहिलीच्या कागदावर खोली नंबर १२ मधल्या आजींची सगळी नोंद आहे: कुठे दुखतंय, रक्तदाब किती, कुठली गोळी किती वाजता दिली, रात्री खाल्लं का. दुसरीच्या हातात कोरा तक्ता. तो सात मिनिटांत भरायचा. कागद दाखवायचा नाही, मराठी बोलायची नाही.

पहिल्या दिवशी दातखिळीच बसली. मग एकीने धीर केला: "त्स्व्योल्फ… कोप्फ… वे?" बारा, डोकं, दुखणं. व्याकरणाच्या नावाने शून्य, पण तिकडून पेन हललं. पुढचा प्रश्न थोडा लांब आला, त्याच्या पुढचा आणखी. सात मिनिटांनी तक्ता भरला होता आणि दोघींचे चेहरे फुलले होते. त्याच दोघींना मी आदल्या दिवशी फळ्यासमोर उभं करून प्रश्नार्थक वाक्याचा नियम विचारला होता. तेव्हा नियम बरोबर आला आणि वाक्य एकही आलं नाही.

काम आटोपल्यावर व्याकरणाची पाळी येते. प्रभू इतकी उघड चर्चा करत नसत. मी करते, कारण माझे विद्यार्थी मोठे आहेत आणि समोर परीक्षा आहे. पण क्रम महत्त्वाचा. तक्ता भरताना एकीला 'त्यांना थंडी वाजत होती' म्हणायचं होतं आणि ते जमलं नव्हतं. ती अडचण तिच्या अंगावर ताजी असताना मी 'मिअर इस्ट काल्ट, ईअर इस्ट काल्ट' फळ्यावर लिहिलं. ईअर म्हणजे तिला. तहान लागल्यावर दिलेलं पाणी जसं लागतं, तसा तो नियम लागला.

ऐकणं, बोलणं आणि मधली दरी

अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन १९८० च्या दशकात सांगू लागले की भाषा येते ती समजेल असं भरपूर ऐकून-वाचून, आणि ते आपल्या पातळीच्या एकच पायरी वर असावं. अगदी सोपं असेल तर कंटाळा, फार अवघड असेल तर डोक्यावरून जातं. यासाठी डॉइचे वेले ही जर्मन प्रसारण संस्था सावकाश वाचलेल्या बातम्या देते, त्या मला फार उपयोगी वाटतात. बातमी तीच, वेग निम्मा. आदल्या दिवशी मराठी पेपरात वाचलेली घटना दुसऱ्या दिवशी जर्मनमध्ये कानावर पडली की अर्धं आधीच कळलेलं असतं.

पण नुसतं ऐकून पुरतं का? कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा होत्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्या मुलांबद्दल लिहिलं. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्यांना समजत उत्तम होतं, पण बोलण्यात आणि लिहिण्यात ठरावीक चुका घट्ट बसल्या होत्या. स्वेन यांचा निष्कर्ष असा की बोलायची वेळ येते तेव्हाच माणसाला कळतं आपल्याला काय येत नाही. ऐकताना शेवटचा प्रत्यय निसटला तरी अर्थ लागतो. बोलताना तो कुठून तरी आणावाच लागतो.

आता आपल्या वर्गाचा हिशेब मांडू. तास साठ मिनिटांचा, मुलं तीस. त्यातली तीस मिनिटं शिक्षक बोलले आणि उरलेल्या वेळात एकेकाला उभं केलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतं एक मिनिट. आठवड्यात तीन तास म्हणजे तीन मिनिटं. पोहायला शिकणाऱ्याला आठवड्यातून तीन मिनिटं पाण्यात सोडलं तर तो कधी शिकेल? त्याच तासात पंधरा मिनिटं जोड्या करून काम दिलं तर प्रत्येकाला सात-आठ मिनिटं मिळतात. आवाज होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. ती मी आनंदाने ऐकून घेते.

जोड्यांचा आणखी एक फायदा भीतीचा. आपल्याकडे मोठी माणसं चारचौघांत चुकायला फार घाबरतात. पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला विशीतल्या मुलांसमोर चुकीचं वाक्य बोलायचं म्हणजे काय वाटत असेल, हे शिक्षकाने रोज स्वतःला विचारावं. म्हणून आधी जोडीत, मग चौघांत, मगच सगळ्यांसमोर. कुणाच्या चुकीवर कुणी हसायचं नाही, हा माझ्या वर्गातला एकमेव कडक नियम आहे.

चूक दुरुस्त कशी करावी? बहुतेक शिक्षक मुलाचं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणतात आणि पुढे जातात. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंचच्या वर्गांत हेच तपासलं. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की शिक्षक सर्वांत जास्त हीच पद्धत वापरतात आणि मुलं सर्वांत कमी प्रतिसाद हिलाच देतात. मुलाला वाटतं, बाई 'हो' म्हणाल्या. त्यापेक्षा मी चुकलेल्या शब्दाशी थांबते, भुवया उंचावते आणि वाट बघते. दहापैकी सात-आठ वेळा तरी विद्यार्थीच शब्द दुरुस्त करतो, आणि स्वतः दुरुस्त केलेलं टिकतं.

चपलांचा खोका

टिकण्यावरून आठवलं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती आणि कधी विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री दोनशे शब्द घोकण्यापेक्षा, विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवणं जास्त कामाचं.

यावर सेबास्टिआन लाइटनर यांनी १९७२ मध्ये एक घरगुती उपाय सुचवला. चपलांचा रिकामा खोका घ्या, पुठ्ठ्याने त्याचे पाच कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आठवला तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं वाढवत न्यायचं. येणारे शब्द मागे सरकतात, छळणारे रोज समोर येतात. मोबाइलवरची बरीचशी ॲप आतून हेच करतात. तरीही मी खोकाच करायला लावते. डेरचे शब्द निळ्या शाईने, डीचे लाल, डासचे हिरव्या. हाताने लिहिताना रंग बदलावा लागतो, तेवढ्यात लिंग मनात ठसतं.

ॲपवर सलग शंभर दिवस हजेरी लावलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात. त्यांना शब्द खूप येतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण समोरचा माणूस प्रश्न विचारून थांबला की ते गोंधळतात, कारण पडद्यावर चार पर्याय असतात आणि माणसाच्या चेहऱ्यावर नसतात. खेळांचंही तसंच. शेवटच्या अक्षरावरून शब्दांची भेंडी लावली तर वेळ मजेत जातो, पण कुठल्याच शब्दाचा अर्थ लागत नाही. 'मनात धरलेली वस्तू ओळखा' हा खेळ साधा आहे, तरी त्यात प्रत्येक प्रश्न खरा असतो. ती लाकडाची आहे का? स्वयंपाकघरात असते का? दोन्ही खेळांत हसू सारखंच येतं, पण बोलणं दुसऱ्यातच होतं.

गेल्या महिन्यात परिचारिकांना मी प्रभूंच्या वळणाचं काम दिलं. श्टुटगार्टहून उल्मला जायचंय, रुग्णालयात आठच्या आत पोहोचायचंय, मी बनवलेल्या वेळापत्रकात पाच गाड्या आहेत. एक थेट, दोन बदलायच्या, एक रविवारी नाही. जोडीने ठरवा आणि बाकीच्या का नकोत ते सांगा.

गाडीला जर्मनमध्ये 'त्सूग' म्हणतात. शेवटचा ग ऐकू येतो क सारखा, आणि पहिला आवाज हिंदी भाषकाला अवघड जातो. आपल्याला तो 'चाक', 'चूल'मध्ये रोज भेटतो. खरं तर हा शब्द आपल्या 'चूक'सारखाच उच्चारायचा, हुबेहूब. हे सांगितल्यावर वर्गभर चूक, चूक, चूक सुरू झालं.

शेवटच्या बाकावर विदर्भातली एक मुलगी बसते, सहसा बोलत नाही. तिची जोडीदार तिसऱ्या गाडीवर अडून बसली होती. हिने बोट ठेवून वेळ दाखवली, तरी ती ऐकेना. तेव्हा ही मोठ्याने म्हणाली, "वाइल डेर त्सूग त्सू श्पेट आनकोम्ट!" कारण गाडी फार उशिरा पोहोचते. क्रियापद शेवटी, जागच्या जागी. पोटवाक्याचा धडा आम्ही अजून उघडलासुद्धा नव्हता.